ॲव्हरेज किती देते?

सुरतेत न मोजता काही सुटत नाही. वराछात हिरा सेंटमध्ये मोजतात. एका कॅरेटचे शंभर सेंट, म्हणजे एक सेंट भरतो दोन मिलिग्रॅम, आणि त्या दोन मिलिग्रॅमवरून दोन भागीदार दोन दिवाळ्या एकमेकांचं तोंड बघत नाहीत. रिंग रोडवर कापड मीटरने, फरसाणाच्या दुकानात खमण ग्रॅमने, उधन्याच्या लूमवर कारागिराचा पगारसुद्धा निघालेल्या मीटरवर. मोटारीला मात्र या गावाने एकच माप ठेवलंय. नवी गाडी दाराशी लागते, तिला हार घातला जातो, चाकाखाली लिंबं फुटतात, आणि शेजारचे भाई पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारतात, "एवरेज केटली आपे?" लिंबायत-डिंडोलीकडचे आमचे खानदेशी पाहुणे तेच अहिराणीत विचारतात, "ॲव्हरेज कितला देस भो?" गाडीचा रंग, एअरबॅगा, मागचा कॅमेरा ही सगळी चौकशी त्या उत्तरानंतर. उत्तर कमी पडलं तर त्यानंतरही नाही.

या प्रश्नाचं उत्तर ज्याला सगळ्यांत आधी ठाऊक असायला हवं, तो प्राणी गाडीतच बसलेला असतो. इंजिनाचा कॉम्प्युटर. गॅरेजवाले त्याला ईसीएम म्हणतात आणि तो शब्द उच्चारताना आवाज थोडा खाली आणतात, कारण पुढे रक्कम सांगायची असते. इंजिनात हवा किती आली, किती तापलेली आली, चालकाने पाय किती दाबला, सायलेन्सरमधून जाणाऱ्या धुरात प्राणवायू किती उरला, हे सगळं तो सेकंदाला कित्येकदा टिपतो आणि त्यावरून पेट्रोलची पिचकारी किती वेळ उघडायची ते ठरवतो. इतकं करून बोलत मात्र नाही. बोलण्यासाठी त्याला एकच साधन दिलंय, डॅशबोर्डावरचा पिवळा दिवा. दिवा लागला याचा अर्थ काहीतरी झालंय. काय झालंय ते जाणून घ्यायचं असेल तर वायर जोडा आणि विचारा.

ही वायर जोडायची सोय आपल्यासाठी कुणी प्रेमाने केलेली नाही. तिचं मूळ लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेत आहे. कॅलिफोर्नियाच्या सरकारने कंपन्यांच्या मागे लागून गाडीला स्वतःचा धूर स्वतः तपासायला लावलं. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत एकाच आकाराचं, सोळा पिनांचं सॉकेट आलं. युरोपात पेट्रोलच्या गाड्यांना ते २००१ मध्ये सक्तीचं झालं. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या गाड्यांना २०१० मध्ये या तपासणीची पहिली पायरी आणि २०१३ मध्ये दुसरी पायरी लागू झाली. म्हणजे तुमची गाडी गेल्या दहा-बारा वर्षांतली असेल, तर हे सॉकेट तुमच्या गुडघ्यापाशी इतकी वर्षं गप्प बसलेलं आहे आणि तुम्ही त्याला रोज चप्पल लावता आहात.

आम्हाला ते दाखवलं भाच्याने. भाचा साक्रीचा, इंजिनिअरिंगला सुरतेत, राहायला आमच्याकडे. खानदेशातल्या कुठल्याही घरातून निघालेला रूळ शेवटी उधना स्टेशनवर येऊन थांबतो, त्यामुळे सुरतेतल्या मराठी घरात एक भाचा असतोच. त्या सुमारास आमची गाडी सीएनजीवर झटके द्यायला लागली होती आणि पिवळा दिवा अधूनमधून लागून आपोआप विझत होता. एका गॅरेजने ऐकून घेतलं, बॉनेट उघडलं, बंद केलं आणि "सेन्सर गया" असं सांगून जो आकडा उच्चारला, तो ऐकून आमच्या हिने सेन्सरऐवजी फ्रिज बदलायचा प्रस्ताव ठेवला. भाचा म्हणाला, "मामा, आधी डेटा बघू. लॉगर लावू."

लॉगर म्हणजे दोन गोष्टी. सॉकेटात खोचायची काडेपेटीएवढी डबी आणि तिच्याशी ब्लूटूथवर बोलणारं मोबाइलमधलं ॲप. डबी प्रश्न विचारते, गाडी उत्तर देते, ॲप ते वेळेसकट फाईलमध्ये उतरवून ठेवतं. एवढंच. परदेशात शर्यतीच्या गाड्यांना यासाठी लाखो रुपयांची यंत्रं लावतात. आम्ही भागळच्या जनता मार्केटात गेलो.

सुरतेच्या बाजारात मराठी माणसाने भाव करावा की नाही, हा नाजूक प्रश्न आहे. महाराज इथे १६६४ साली आले आणि १६७० साली पुन्हा आले. तेव्हाचा हिशेब हे गाव आमच्याकडून अजून हप्त्याहप्त्याने वसूल करतंय, असा माझा समज आहे. दुकानदाराने डबी पुढे ठेवली. तिच्यावर छापलं होतं, 'व्हर्जन १.५'. मी विचारलं, "ओरिजिनल छे?" तो प्रामाणिक माणूस होता. म्हणाला, "आमां ओरिजिनल आवतुं ज नथी."

ते अक्षरशः खरं होतं. या डबीच्या पोटातली चिप मुळात कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स नावाच्या छोट्या कंपनीची. पहिली आवृत्ती काढताना तिने चिपमधला प्रोग्राम कुणी उतरवून घेऊ नये म्हणून लावायचं कुलूप लावलंच नाही. मग व्हायचं ते झालं. जगभर नकलांचा पूर आला. गंमत म्हणजे त्या कंपनीने १.४ नंतर एकदम २.० काढली. १.५ नावाची आवृत्ती तिने कधी काढलीच नाही. मूळ कंपनीने २०२२ मध्ये दुकान मिटलं आणि कधीही न जन्मलेली १.५ आजही भागळमध्ये मिळते. त्यातही आमच्या भाच्याने दोन डब्या हलवून, वास घेऊन, स्टिकर खरवडून बघितलं आणि दुसरी घेतली. का, ते विचारू नका. तिसऱ्या वर्षाला आहे.

सॉकेट शोधायचं तर दार उघडून, एक पाय बाहेर, डोकं ब्रेकच्या पेडलखाली आणि मोबाइलची बॅटरी दातांत अशी स्थिती घ्यावी लागते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ही स्थिती घेतलेला माणूस दिसला, की तीन गोष्टी घडतात. वॉचमन धावत येतो, कुणीतरी "चाबी खोवाई?" विचारतं आणि निवृत्त झालेला एक काका सल्ला द्यायला खुर्ची घेऊन बसतो. आमच्याकडे तिन्ही घडल्या. डबी बसली, तिचा लाल दिवा लागला. इग्निशन चालू. मोबाइलने जोडणीचा आकडा मागितला. १२३४ किंवा ००००, या दोनांपैकी एक असतो. बँकेने आमच्या मनावर पासवर्डाविषयी इतकी वर्षं बिंबवलेलं सगळं या डबीने एका क्षणात मोडीत काढलं. भाच्याच्या मित्राकडे आयफोन होता, त्याला ती ओळखच दाखवीना. या जुन्या ब्लूटूथच्या डब्या आयफोनशी बोलत नाहीत, आयफोनवाल्यांना वायफायवाली किंवा नव्या ब्लूटूथची वेगळी घ्यावी लागते. आयुष्यात प्रथमच त्याच्या फोनपेक्षा माझा फोन उजवा ठरला. मी तो क्षण थोडा लांबवला.

मग गाडी बोलायला लागली. तिची भाषा आधी मला कळेना. फेरे किती, असं विचारलं की उत्तर येतं, ४१ ०सी १ए एफ८. यातलं ४१ म्हणजे 'तुमच्या प्रश्नाचं उत्तर देत आहे', ०सी म्हणजे 'इंजिनाचे फेरे'. उरलेलं १ए एफ८ हेक्साडेसिमलमधून दशमानात आणलं की होतं ६९०४, आणि त्याला चाराने भागलं की मिनिटाला १७२६ फेरे. गाडी पाव-पाव फेऱ्यात मोजते. इथे तिने सुरतेचं पाणी प्यायलेलं दिसलं. पाण्याचं तापमान सांगताना ती चाळीस वाढवून सांगते. १३० आलं तर समजायचं ९० अंश. कारण तिला एकाच खान्यात शून्य ते २५५ एवढेच आकडे लिहिता येतात आणि कुठे बर्फात उणे चाळीसला गाडी सुरू करणारं गिऱ्हाईक असेल, त्याची सोय पहिल्यापासून करून ठेवलीय. आमच्या उधन्यात थर्मामीटर उणे सोडा, एकअंकी झालेला पाहिलेला माणूस मला भेटलेला नाही. पण त्या अनोळखी रशियनासाठी आपण दर वेळी चाळीस वजा करायचे. हे गणित ॲप मुकाट्याने करतं, ते एक बरं.

खरा घोटाळा पुढे होतो. ॲप विचारतं, काय काय नोंदवू? आणि समोर यादी येते. हवेचा दाब, थ्रॉटल, इंजिनावरचा भार, इग्निशनची वेळ, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं तापमान, बॅटरीचे व्होल्ट. फुकट आहे म्हटल्यावर खानदेशी माणूस आणि सुरती माणूस यांच्यात फरक उरत नाही. भाच्याने सगळ्यांवर टिचक्या मारल्या. पण ही डबी एका वेळी एकच प्रश्न विचारू शकते. उत्तर आलं की दुसरा, मग तिसरा. चाळीस रकाने निवडले की प्रत्येकाची पाळी काही सेकंदांनी येते. तेवढ्यात रिंग रोडवर रिक्षा आडवी येऊन गेलेली असते, तुम्ही ब्रेक मारलेला असतो, शिवी दिलेली असते, आणि फाईलमध्ये त्या सगळ्या प्रसंगाच्या जागी 'बाहेरचं तापमान ३८' एवढीच नोंद असते. म्हणून माझं मत विचाराल तर पाच रकाने पुष्कळ. फेरे, वेग, पाण्याची उष्णता, आणि दोन फ्युएल ट्रिम, एक तात्पुरता, एक दीर्घकाळचा.

या ट्रिमसाठी खरं तर सगळा खटाटोप. धुरात प्राणवायू जास्त उरला, तर कॉम्प्युटर समजतो की इंधन कमी पडलं. मग तो पिचकारी थोडी जास्त वेळ उघडतो. किती टक्के वाढवली किंवा घटवली, तो आकडा म्हणजे ट्रिम. शून्याच्या आसपास पाच-सात टक्के इकडेतिकडे असेल तर प्रकृती उत्तम. साधारण वीसच्या पुढे गेला, की कॉम्प्युटर पी०१७१ हा कोड लिहितो आणि पिवळा दिवा लावतो.

आता आमच्यासारख्या बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत काय होतं? मूळ कॉम्प्युटरला सीएनजी हा प्रकारच माहीत नाही. तो आपला पेट्रोलच्या पिचकारीला हुकूम सोडतो. किटचा वेगळा डबा तो हुकूम मधेच पकडतो, आपल्या कोष्टकाप्रमाणे गुणाकार करून तेवढा वेळ गॅसची पिचकारी उघडतो आणि वर मूळ कॉम्प्युटरला खोटीच पोच देतो की पेट्रोल पोचलं. लग्नात आचारी पुरणपोळ्यांचा अंदाज बांधत असावा आणि वाढपी पंगतीत जिलेबी फिरवत असावा, तसं हे चालतं. पंगत जेवून उठते तोपर्यंत कुणाला कळत नाही. कळतं ते कोठीत. आमच्या फाईलमध्ये कोठी उघडी पडली. पेट्रोलवर दीर्घकाळचा ट्रिम दोन-तीन टक्के, गॅसवर टाकली की हळूहळू चढत अठरा, एकोणीस. सेन्सर जर गेला असता, तर दोन्हीकडे रडला असता. पेट्रोलवर तो गुणी बाळ होता. म्हणजे सेन्सर शाबूत, गॅसच कमी पोचतोय.

हा शोध आम्ही रात्री जागून, आलेख काढून, त्याला रंग देऊन लावला. सकाळी ती रंगीत प्रिंट घेऊन भेस्तानच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी प्रिंट हातात घेतली, तिच्यावर चहाचा ग्लास ठेवला, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटले. भाच्याला म्हणाले, "गॅस पर लो." ऐकलं. "पेट्रोल पर लो." ऐकलं. मग म्हणाले, "गॅसनो फिल्टर जाम छे." चहा अजून गरम होता.

भाचा दुखावला. मी नाही दुखावलो, कारण फिल्टरची किंमत ऐकून माझ्यातल्या सगळ्या भावना एकाच दिशेला वाहू लागल्या होत्या. फिल्टर बदलल्यावर ट्रिम पाचाच्या आत आला, तेव्हा मिस्त्रींनीच विचारलं, "ए फाईल फरी काढो तो." आकडा उतरलेला त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिला आणि प्रिंटवरून ग्लास उचलला. हल्ली त्यांच्याकडे आलेलं गिऱ्हाईक मिस्त्रींच्या कानावर भरवसा ठेवत नसेल, तर ते आमच्या भाच्याला फोन लावतात. कान त्यांचा, पुरावा याचा. भाच्याला दर खेपेला एक लोचो मिळतो, वरून शेव जास्त.

मधल्या काळात या डबीने आमच्या घरातला एक जुना वाद मिटवला. मिटवला म्हणजे नवा सुरू केला. दाजी, म्हणजे भाच्याचे वडील, जुन्या फियाटवर गाडी शिकलेले. त्यांचा नियम, उतार आला की न्यूट्रल. "पेट्रोल वाचतं, शालकबुवा." साक्रीहून त्यांना घेऊन सुरतेला परत येताना कोंडाईबारी घाट लागला. जाताना याच घाटात इंजिनावरचा भार नव्वदीच्या घरात, पाणी तापत तापत पंखा सुरू झालेला. येताना उतार. भाचा मोबाइल घेऊन मागे. दाजींनी परंपरेने न्यूट्रल केली. फेरे आठशेवर उतरले आणि पेट्रोलची पिचकारी चालूच. इंजिन बंद पडू नये म्हणून ती थोडं थोडं देणारच. भाचा म्हणाला, "बाबा, आता गिअरमध्ये टाका, पाय काढा." दाजींनी नाखुशीने टाकला. फेरे दोन हजारावर गेले आणि ॲपने दाखवलं, इंधन बंद. साफ बंद. चाकं इंजिनाला फिरवताहेत, कॉम्प्युटर म्हणतोय, मग मी कशाला खर्च करू? क्षणाची ॲव्हरेज स्क्रीनवर मावेना.

न्याय करायचा तर दाजींचं शास्त्र त्यांच्या काळात बरोबर होतं. कार्बोरेटरला उतार कळत नव्हता. फेरे वाढले की तो पेट्रोल ओढू द्यायचा. शास्त्र तेच राहिलं, गाडी बदलली. शिवाय घाटात न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर येतो, हे वेगळंच. दाजी विसरवाडीपर्यंत काही बोलले नाहीत. नवापूरला स्टेशन दिसल्यावर, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत असलेलं ते स्टेशन नेहमीप्रमाणे सगळ्यांना बोटाने दाखवून झालं, आणि मग म्हणाले, "ही डबी पोराने विकत घेतली की तू?" मी म्हणालो, "मी." "मग ठीक."

हद्द ओलांडल्यावर मात्र गाडी पहिल्या पंपावर वळलीच. गुजरातेत पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त. नवापूरकडच्या माणसाला हा भाव पैशापर्यंत तोंडपाठ असतो आणि तो कळायला त्याला कुठलंही ॲप लागत नाही.

आता मूळ प्रश्न. ॲव्हरेज किती देते? डबी आल्याची बातमी सोसायटीत पसरल्यावर भाई स्वतः खाली आले. त्यांना ट्रिम नको होता, इग्निशनची वेळ नको होती. "बद्धुं छोड. एवरेज बताव." भाच्याने स्क्रीन पुढे केला. त्यावर आकडा होता ३१. भाई खूश. मी नाही, कारण माझ्या डायरीत पंपावरच्या किलोला चोवीस निघत होते.

चाळीस रकाने अचूक सांगणारं यंत्र नेमकं सुरतेला हवं असलेलं एकच माप अंदाजाने सांगतं, हा या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत आवडलेला भाग. कारण गाडीत जळणारं इंधन थेट मोजणारं सहसा काहीच नसतं. ॲप हवेवरून इंधन काढतं. एक किलो पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, म्हणून आलेल्या हवेला १४.७ ने भाग. पण आमच्या गाडीत हवा तोलणारा सेन्सरही नाही, दाब मोजणारा आहे. म्हणजे हवा अंदाजाने. आणि गॅसवर तो १४.७ चा आकडाच चुकीचा, मिथेनला किलोमागे सतरा किलोच्या वर हवा लागते. तेव्हा पडद्यावर दिसते ती एका अंदाजाला दुसऱ्या अंदाजाने भागून आलेली ॲव्हरेज, दशांश चिन्हासकट. ते दशांश चिन्ह पाहिलं की माणूस विश्वास ठेवतो.

खरी ॲव्हरेज कळायला रांगेत उभं राहावं लागतं. हजीरा आमच्या दारात. देशातली हजीरा-विजयपूर-जगदीशपूर ही गॅसची थोरली वाहिनी इथूनच निघते. तरी सीएनजीच्या पंपावर रिक्षांच्या मागे उभं राहणं कुणाला चुकलेलं नाही. पाळी आली की नियमाने सगळ्यांनी खाली उतरायचं. आजी, पोरं, डब्यांच्या पिशव्या, सगळे बाजूला, जणू गाडीचं ऑपरेशन आहे. दाबाचा काटा दोनशेवर गेला की नळी बंद. त्यातही मे महिन्याच्या दुपारी गॅस तापून फुगलेला, त्याच दोनशेत किलो कमी बसतो. म्हणून जाणते लोक पहाटे जातात. किलो लिहायचे, किलोमीटर लिहायचे, भागायचे. भाई हे सगळं इतकी वर्षं करत आलेत, किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर. पण ३१ पाहिल्यावर त्यांनी ती वही मला दाखवायचं बंद केलं. "मशीन कहे छे ने!"

भाच्याचंही तेच. "मशीन खोटं बोलत नाही, मामा." मी त्याला फोक्सवॅगनची गोष्ट सांगितली. २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेत उघड झालं, की त्या कंपनीच्या डिझेल गाड्यांच्या कॉम्प्युटरला 'आपली तपासणी चाललीय' हे ओळखायला शिकवलेलं होतं. तपासणीच्या रोलरवर असली की गाडी सोवळ्यात, रस्त्यावर आली की धूर मोकाट. जगभरात मिळून सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या. आणि हे पकडलं कुणी? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या काही संशोधकांनी. त्यांनी धूर मोजायचं फिरतं यंत्र गाडीत टाकून ती सरळ रस्त्यावर चालवली आणि आकडे लिहून ठेवले. भाचा म्हणाला, "म्हणजे लॉगरनेच पकडलं ना!" हल्लीच्या पोरांशी बोलताना उदाहरण जपून निवडावं.

एक गोष्ट मात्र लोक करत नाहीत आणि करायला हवी. गाडी बरी असताना एकदा फाईल काढून ठेवावी. आजारी पडल्यावर सगळेच लावतात. पण पंच्याण्णव अंश हा ताप आहे की हिची नेहमीची तब्येत, हे ठरवायला निरोगी दिवसाचे आकडे लागतात. आणि काम झालं की डबी काढावी. सॉकेटच्या सोळाव्या पिनेत बॅटरी कायम जोडलेली असते, चावी काढली तरी. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी डबी लावून ठेवून सहकुटुंब चारधाम केलं. परत आल्यावर गाडी त्यांना ओळख दाखवेना. चार जणांनी ढकलली, त्यात दोघं माझ्या घरातले होते.

भाचा हल्ली गाडी अधूनमधून नेतो. परवा रविवारी "भेस्तानला झेरॉक्स काढून येतो" म्हणून संध्याकाळी गेला, वेळेत आला, चावी खिळ्याला लावली. पिवळा दिवा नाही, पेट्रोल जवळपास तेवढंच, सीटवर वाळूचा कण नाही. रात्री मी सहज डबी लावली. दोष, शून्य. पण गाडीच्या आपल्या-आपल्या तपासण्यांची जी यादी असते, तिच्यात बऱ्याच नावांपुढे 'अपूर्ण' असं आलं. वाटेत कुठेतरी दिवा लागला होता आणि कुणीतरी मोबाइलवरून तो पुसला होता. पुसला की गाडी सगळ्या तपासण्या पहिल्यापासून सुरू करते. आणि आणखी एक रकाना असतो, जो भाच्याने त्या दिवशी सगळ्यांवर टिचक्या मारताना नीट वाचला नसावा, 'कोड पुसल्यापासूनचं अंतर'. तो गाडी स्वतःच्या पोटात ठेवते, कुणाच्या फोनमध्ये नाही. त्यात होते १८ किलोमीटर.

मी तो आकडा हिला दाखवला. तिला ट्रिम कळत नाही, हेक्साडेसिमल कळत नाही, पण सुरतेचा भूगोल कळतो. उधन्याहून भेस्तान ते किती? पुस्तकात तोंड घालून बसलेल्या भाच्यासमोर ती जाऊन उभी राहिली. म्हणाली, "डुमसच्या समुद्रावर गेलास ते ठीक. टमाट्याची भजी एकट्यानेच खाल्लीस?"